व्हेनिसचा सान मार्को चौक: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी, आणि ज्यांच्या घरी पुतळ्यांची माळ आहे त्यांच्यासाठी तर नक्कीच

आपल्याकडची इतकी माणसं दरवर्षी व्हेनिसला येतात आणि सान मार्कोच्या चौकात जेमतेम चाळीस मिनिटं थांबून परत बोटीत बसतात, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. ग्रुप टूरवाल्यांचं वेळापत्रक असतं, मान्य. पण जे स्वतःचं स्वतः येतात तेसुद्धा बरोब्बर दुपारी बाराला पोचतात, डोक्यावर ऊन, चहूकडे गर्दी, दोन सेल्फी आणि मग "एवढं काय आहे त्यात" म्हणून पुढे. आम्ही पाडोव्याला राहतो, ट्रेनने अर्ध्या तासावर, त्यामुळे घरी पाहुणे आले की व्हेनिस ठरलेलंच असतं, आणि प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

कधी जायचं

माझं एकच सांगणं आहे, इथे दोनदा जा, एकदा सकाळी आठच्या आत आणि एकदा रात्री नऊनंतर. मधला वेळ चर्च, राजवाडा, म्युझियम असं आत कुठेतरी असायला हवं, चौकात उभं राहायला नको. दिवसापुरते येणारे लोक साधारण दहा ते चार या वेळात असतात. सकाळी लवकर गेलात तर झाडूवाले असतात, दुकानांचा माल ढकलत नेणारे हातगाडीवाले असतात, सीगल असतात आणि तुम्ही, बाकी कोणी नाही. म्हणून शक्य असेल तर एक रात्र तरी बेटावरच राहा, हॉटेल महाग पडतं पण बाकी कुठेतरी कमी करा आणि इथे करा.

बेटावर राहणार नसाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. २०२४ पासून वसंत ते जुलै या काळातल्या काही ठरावीक दिवशी फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेश शुल्क भरावं लागतं. २०२५ मध्ये ते आधी भरलं तर ५ युरो आणि ऐनवेळी भरलं तर १० युरो होतं. हॉटेलात राहणाऱ्यांना पैसे नाहीत, पण सूट असल्याचा क्यूआर कोड मात्र काढून ठेवावा लागतो. तारखा दरवर्षी बदलतात, तर तिकिटं बुक करायच्या आधी महापालिकेच्या साइटवर बघून घ्या.

पोचायचं कसं

ट्रेनने येत असाल तर व्हेनेझिया मेस्त्रेला उतरू नका, ते खाडीच्या अलीकडचं, जमिनीवरचं स्टेशन. पूल ओलांडून शेवटचं स्टेशन येतं, सान्ता लुचिया, तिथे उतरायचं. स्टेशनच्या दारातून बाहेर पडलं की समोर रस्ता नाही, थेट पाणीच, पहिल्यांदा येणारा माणूस तिथे दोन मिनिटं नुसता उभा राहतो.

तिथून दोन पर्याय. एक म्हणजे वापोरेत्तो, म्हणजे आपल्या बसऐवजी चालणारी बोट. एक नंबरची लाइन ग्रँड कॅनॉलमधून प्रत्येक स्टॉप घेत घेत पाऊण एक तासात सान मार्कोला नेते, दोन नंबरची लवकर जाते. साधं तिकीट ७५ मिनिटांचं असतं आणि महाग आहे (गेली काही वर्षं साडेनऊ युरो), दिवसात तीनदा बसणार असाल तर दिवसाचा पास परवडतो. चढण्याआधी मशीनला तिकीट टेकवायचं विसरू नका, तपासनीस येतात आणि दंड मोठा असतो. दुसरा पर्याय चालत, अर्धा पाऊण तास. भिंतींवर पिवळ्या पाट्या असतात, बाण आणि 'पेर सान मार्को', त्या बघत जायचं, मोबाइलच्या नकाशाला इथल्या गल्ल्यांत फार भरवसा नाही. चाकाची बॅग घेऊन चालू नका, दर शंभर पावलांवर पायऱ्यांचा पूल आहे, बॅग स्टेशनवर ठेवायची सोय आहे तिथे ठेवा.

मी पाहुण्यांना जाताना चालत नेते आणि येताना बोटीने आणते. गल्ल्या अरुंद होत होत जातात, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं, आणि अशा एका बोळातून अचानक तुम्ही त्या चौकात बाहेर पडता. तो क्षण बोटीने येणाऱ्याला मिळत नाही.

आधी उभं कुठे राहायचं

व्हेनिसमध्ये बाकीच्या सगळ्या चौकांना 'काम्पो' म्हणतात, म्हणजे शेत, मैदान. 'पियाझा' हा मान फक्त या एकाला. तर आल्या आल्या सान मार्कोच्या मोठ्या चर्चकडे धावू नका, उलट जा, चर्चच्या बरोबर समोरच्या टोकाला. तिथे जी आडवी इमारत आहे ती नेपोलियनच्या काळातली, १८०७ मध्ये तिथलं जुनं चर्च पाडून बांधायला घेतली. तिच्याकडे पाठ करून उभे राहा. डाव्या आणि उजव्या हाताला कमानींच्या लांबच लांब रांगा दिसतील, ती प्रोकुरातिए, या चौकाची आणि चर्चची व्यवस्था बघणाऱ्या अधिकाऱ्यांची घरं आणि कचेऱ्या. डावीकडची जुनी, उजवीकडची नवी, नवी म्हणजे सोळाव्या सतराव्या शतकातली.

आता नीट बघा. चौक सरळ आयताकृती वाटतो पण तसा नाही, चर्चकडे जाताना तो रुंद होत जातो, सूप असतं ना आपलं तसा. लांबी साधारण १७५ मीटर. पायाखालची करडी फरशी पाडोव्याजवळच्या टेकड्यांतल्या ज्वालामुखीच्या दगडाची आणि मधले पांढरे पट्टे समुद्रापलीकडच्या इस्त्रियाच्या दगडाचे, ही रचना १७२३ पासूनची. सकाळी फरशी ओली असते आणि ते पांढरे पट्टे तुम्हाला हाताला धरून चर्चकडे नेल्यासारखे नेतात. मग हळूहळू चालत जा.

मनोरा आणि घड्याळ

उजवीकडचा विटांचा उंच मनोरा म्हणजे काम्पानिले, ९८.६ मीटर. हा मूळचा नाही. मूळ मनोरा १४ जुलै १९०२ ला सकाळी जागच्या जागी कोसळला, आधी तडा दिसल्यामुळे चौक रिकामा केला होता म्हणून एकही माणूस दगावला नाही. शहराने ठरवलं की होता तसा, होता तिथेच पुन्हा उभा करायचा, आणि २५ एप्रिल १९१२ ला, संत मार्कच्या, म्हणजे सान मार्कोच्याच, सणाच्या दिवशी, तो उभा राहिला. वर जायला लिफ्ट आहे, गुडघेदुखीवाल्यांनाही जमतं. १६०९ मध्ये गॅलिलिओने इथूनच आपली दुर्बीण शहराच्या मातब्बर मंडळींना दाखवली, तेव्हा तो आमच्या पाडोव्याच्या विद्यापीठात शिकवत होता. मनोऱ्यातली सगळ्यात मोठी घंटा, तिचं नाव मारांगोना, तेवढी १९०२ मध्ये वाचली. मारांगोन म्हणजे सुतार, जहाजं बांधणाऱ्या कारागिरांच्या कामाची वेळ ती सांगायची. ती वाजायला लागली की छातीत जाणवते.

डावीकडे निळ्या सोनेरी घड्याळाचा टॉवर आहे, १४९९ मध्ये सुरू झालेला. वर दोन ब्राँझचे पुरुष हातोड्याने घंटेवर टोले देतात. तबकडीवर रोमन आकड्यांत चोवीस तास आहेत, मुलांना वेळ वाचायला सांगा, चांगला खेळ होतो.

चर्चच्या आत

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, दारावर खरंच परत पाठवतात. ओढणी किंवा पातळ शाल पर्समध्ये असू द्या. मोठी बॅग, सॅक आत नेता येत नाही. तिकीट आणि वेळ ऑनलाइन घ्या, रांगेत दीड तास जाण्यापेक्षा कितीतरी बरं. रविवारी सकाळी प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारनंतरच सोडतात.

थोडी गोष्ट माहीत असली की बघायला मजा येते. ८२८ मध्ये व्हेनिसच्या दोन व्यापाऱ्यांनी अलेक्झांड्रियातून संत मार्कचे अवशेष पळवून आणले, मुसलमान जकातदार हात लावणार नाहीत म्हणून वर डुकराचं मांस ठेवलं, असं सांगतात. बाहेरच्या दर्शनी कमानींवर हीच गोष्ट मोझेकमध्ये, म्हणजे रंगीत बारीक तुकडे बसवून, काढली आहे, अगदी डावीकडच्या दारावरचं चित्र तर तेराव्या शतकातलं आहे. आत्ताची इमारत १०६३ ला सुरू झाली, १०९४ ला अर्पण झाली. आत आठ हजार चौरस मीटरच्या आसपास मोझेक आहे, बहुतेक सोनेरी. सगळे मान वर करून चालतात, तुम्ही खालीसुद्धा बघा. जमीन सपाट नाही, संगमरवराच्या तुकड्यांची ती फरशी कुठे वर येते, कुठे खचते, खालच्या चिखलाने हजार वर्षांत तिला लाटा आणल्यात, पाय ठेवला की कळतं.

वरच्या गच्चीचं वेगळं तिकीट असतं, ते काढा, मी आग्रहाने सांगते. पायऱ्या उंच आहेत पण वर गेल्यावर अख्खा चौक खाली पसरलेला दिसतो. गच्चीवरचे चार घोडे ही नक्कल आहे, खरे आत म्युझियममध्ये आहेत, आधी ते नीट बघा. १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आताचं इस्तंबूल, लुटलं तेव्हा ते इथे आले, १७९७ मध्ये नेपोलियनने पॅरिसला नेले, १८१५ मध्ये परत आले.

बाहेर पडलात की चर्चच्या राजवाड्याकडच्या कोपऱ्यावर जा. भिंतीत जांभळट लाल दगडातले चार राजे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभे आहेत, उंचीने साधारण शाळकरी मुलाएवढे. हेही त्याच लुटीतले. त्यांचे पाय बघा, एकाचं पाऊल वेगळ्याच फिकट दगडाचं आहे, कारण मूळचं तुटून मागे राहिलं. ते हरवलेलं पाऊल विसाव्या शतकात इस्तंबूलमध्ये उकरताना सापडलं आणि तिथल्याच म्युझियममध्ये आहे. एवढ्या मोठ्या चौकात मला कुठली एक गोष्ट दाखव म्हटलं तर मी हे पाऊल दाखवते.

खाणं, बसणं, आणि दंड

चौकात जमिनीवर, पायऱ्यांवर बसायला बंदी आहे, डबा उघडून खायला बंदी आहे, कबुतरांना दाणे टाकायला २००८ पासून बंदी आहे. तिन्हीला दंड. कोणी तुमच्या हातावर दाणे ठेवून फोटो काढतो म्हणाला तर नको म्हणा आणि चालू लागा. हातात सँडविच घेऊन तर अजिबात फिरू नका, सीगल मागून येऊन हातातून घास ओढून नेतो, लहान मुलं फार घाबरतात. दशम्या, पराठे बरोबर असतील तर चौक सोडून आतल्या एखाद्या शांत काम्पोत बाकावर बसून खा आणि कचरा बरोबर न्या. नुसतं टेकायचं असेल तर पाण्याच्या बाजूला जार्दिनी रेआली ही छोटी बाग आहे, २०१९ च्या शेवटी दुरुस्त होऊन पुन्हा उघडली, तिथे बाकं आणि सावली दोन्ही मिळतं.

कॅफेंबद्दल. १७२० पासून चालू असलेलं फ्लोरियान इथलंच, कमानीखाली, समोरच्या बाजूला क्वाद्री. बाहेरच्या टेबलावर बसलात आणि वाद्यवृंद वाजत असेल तर संगीताचे वेगळे पैसे बिलात येतात, माणशी. ते मेन्यूत लिहिलेलं असतं, बसायच्या आधी वाचा, ठरवून बसा आणि मग मजेत ऐका. पैसे वाचवायचे असतील तर कॉफी 'अल बांको', म्हणजे काउंटरला उभ्याने प्या, तीच कॉफी कितीतरी स्वस्त पडते. एकदा माझे सासू सासरे आणि आम्ही दोघं चौकाबाहेरच्या एका हॉटेलात दर न विचारता जेवलो, मासा वजनावर लावतात हे बिल आल्यावर समजलं. तेव्हापासून मी ऑर्डर द्यायच्या आधीच आकडा विचारते, तुम्हीही विचारा, इथे त्यात कोणाला काही वाटत नाही. शाकाहारी असाल तर 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे' एवढं पाठ करा, मांस नको, मासा नको.

पाणी चढतं तेव्हा

हा चौक शहरातल्या सगळ्यात सखल भागांपैकी. भरती ८० सेंटिमीटरच्या वर गेली की गटारांच्या जाळ्यांमधून पाणी वर यायला लागतं, समुद्राकडून लाट येत नाही, जमिनीतून झरा फुटल्यासारखं गुपचूप येतं. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये १९४ सेंटिमीटर, २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये १८७. ऑक्टोबर २०२० पासून खाडीच्या तोंडाशी मोझे नावाचे पोलादी दरवाजे मोठ्या भरतीला उचलतात आणि शहर वाचतं, चर्चभोवती २०२२ मध्ये काचेची भिंतही घातली. पण मधल्या, लहान भरतीला दरवाजे उचलत नाहीत आणि चौकात पाणी येऊ शकतं. ऑक्टोबर ते जानेवारीत येणार असाल तर भरतीचा अंदाज आदल्या दिवशी बघा, चालायला लाकडी फळ्यांचे मार्ग टाकतात, त्यावर थांबून फोटो काढू नका, मागे रांग असते. घोटाभर पाण्यात अख्खं चर्च उलटं दिसतं, तेव्हा भिजलेल्या बुटांचं दुःख वाटत नाही.

पाण्याकडची बाजू, आणि पुतळ्या

राजे बघून झाले की पाण्याकडे चला. डावीकडे दोजेचा, म्हणजे व्हेनिसच्या राज्यप्रमुखाचा, राजवाडा, उजवीकडे ग्रंथालय, समोर दोन उंच खांब, एकावर पंखवाला सिंह आणि दुसऱ्यावर संत तोदारो. या दोन खांबांच्या मध्ये पूर्वी गुन्हेगारांना देहदंड द्यायचे, म्हणून जुने व्हेनिसकर अजून त्यामधून जात नाहीत. तुम्हीही कडेने जा, आणि पाण्यापाशी उजवीकडे वळा.

ग्रंथालयाला लागून एक जाड, खडबडीत दगडांची, किल्ल्यासारखी इमारत आहे. तिच्यासमोर कोणी थांबत नाही. ती झेक्का, व्हेनिसची टांकसाळ, सान्सोविनो या वास्तुविशारदाने १५३६ पासून बांधलेली, आता तिथे ग्रंथालयाच्या वाचनाच्या खोल्या आहेत. झेक्का हा शब्द अरबी 'सिक्का' वरून आला, आपला शिक्काही तिथूनच आला. इथे पडणारं सोन्याचं नाणं म्हणजे दुकात, पुढे त्यालाच झेक्कीनो म्हणायला लागले. १२८४ मध्ये ते सुरू झालं आणि १७९७ ला व्हेनिसचं स्वतंत्र प्रजासत्ताक बुडेपर्यंत, पाचशे वर्षं, वजन साडेतीन ग्रॅम, जवळजवळ शुद्ध सोनं आणि चित्रही तेच. एका बाजूला संत मार्क उभा, समोर दोजे गुडघ्यावर, दोघांच्या मध्ये निशाणाची काठी.

व्हेनिसचे व्यापारी मिरी आणि मसाल्यांसाठी हे सोनं अलेक्झांड्रियाला द्यायचे, तिथून ते तांबड्या समुद्रातून आपल्या किनाऱ्याला उतरायचं. नाण्यावर माणसांच्या आकृत्या, म्हणून आपल्याकडे त्याला नाव पडलं पुतळी. पेशवाईच्या कागदांत होन, मोहरांच्या जोडीला पुतळ्या येतात त्या ह्याच. सोनं चोख, म्हणून बायकांनी त्या ओवून गळ्यात घातल्या आणि पुतळ्यांची माळ झाली. पुढे आपल्या सोनारांनी तसेच ठसे स्वतः पाडले, आता बाजारात मिळतात त्या पुतळ्यांवर बहुतेक लक्ष्मी असते.

हे मला इथे राहायला येईपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या आजीच्या माळेतल्या पुतळ्यांवर दोन माणसं आहेत, एक उभा, एक गुडघ्यावर, मध्ये काठी आणि कडेने अक्षरांसारख्या रेघा, ज्या कुठल्याच भाषेत वाचता येत नाहीत. आजी सांगायची राम आणि मारुती. आम्ही लहानपणी काठीला धनुष्य म्हणायचो.

राजवाडा आणि शेवटी कोरेर

राजवाड्याचं तिकीट आधीच ऑनलाइन घ्या, आत किमान दोन तास ठेवा, तुरुंगाकडे नेणाऱ्या उसाशांच्या पुलावरून आतूनच जाता येतं, दगडी जाळीतून कैद्यांना शेवटचं दिसणारं पाणी दिसतं. यापेक्षा जास्त मी सांगत नाही, आत पाट्या चांगल्या आहेत. पण तिकीट फेकू नका. त्याच तिकिटावर कोरेर म्युझियम आहे, आणि दहातले नऊ जण तिथे जातच नाहीत. त्याचा जिना सकाळी तुम्ही जिच्याकडे पाठ करून उभे होतात त्या नेपोलियनच्या इमारतीत आहे.

तिथे व्हेनिसच्या नाण्यांची कपाटं आहेत. आई आली होती तेव्हा तिला मी मुद्दाम काही सांगितलं नाही, नुसतं काचेसमोर नेलं. नाणी लहान आहेत, नखाएवढी, चष्मा लावून वाकावं लागतं. ती वाकली, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "अगं, हा तर आपला मारुती."

म्हणून घरून निघायच्या आधी एक काम करा. माळ कपाटातून काढा, नाहीतर मावशीला, काकूला विचारा, आणि एका पुतळीचा दोन्ही बाजूंनी अगदी जवळून, उजेडात फोटो काढून फोनमध्ये ठेवा. माळ बरोबर आणू नका.